लिओनाच्या वाटणीचं सॉसेज

लिओना कुबेचका हिशेबात कधी चुकत नसे असं सांगणारे लोक तिला ओळखत नव्हते. ती चुकायची. पण चुकली की आकडा खोडून शेजारी आपली सही करायची आणि समोरच्याला सांगायची, "हे बघ, इथं मी चुकले होते." पेंडीच्या दुकानात गल्ल्यामागच्या खिडकीत तिनं उभा जन्म काढला. टेक्सासमधलं आमचं लुडमिला गाव म्हणजे युरोपातून आलेल्या चेक लोकांचं, एकमेकांची सात पिढ्यांची कुंडली माहीत असलेलं. इथं भाऊ भावाच्या तराजूवर विश्वास ठेवत नाही. पण लिओनानं "तुझं इतकं देणं आहे" म्हटलं की मान खाली घालून लोक पाकीट काढायचे. नवरा गेला, मुलं शहरात गेली, शेत दुसऱ्याला कसायला दिलं. तिच्याकडे उरलं ते हे नाव, आणि तिला त्याचा चांगलाच गर्व होता. नव्हता असं कशाला म्हणायचं?

म्हणूनच आल्विन ओंद्रुशेक पहिल्यांदा काउंटी कमिशनरच्या निवडणुकीला उभा राहिला तेव्हा थेट तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. आमच्याकडे कमिशनर म्हणजे रस्ते. कुणाच्या फाटकापर्यंत खडी पडणार, कोणत्या ओढ्यावरचा पूल आधी होणार, हे ज्याच्या हातात तो कमिशनर. त्याला गव्हर्नरपेक्षा जास्त लोक हात करतात.

"लिओना, मला खजिनदार लागतो," आल्विन म्हणाला. "निवडणुकीच्या पैशांवर नजर ठेवणारा राज्याचा तो आयोग आहे ना, त्याचे नियम वाचूनच मला घाम फुटलाय."

"तुला रस्त्यावर कुत्रं आडवं आलं तरी घाम फुटतो," लिओना म्हणाली आणि तिनं कागद पुढं ओढले.

आल्विन तिच्या नवऱ्याचा, रुबेनचा, लहानपणापासूनचा मित्र. दोघांचा मिळून पोल्का नाचाचा बँड होता. आल्विन अकॉर्डियन वाजवायचा, रुबेन ढोल बडवायचा. वाजवायचा असं मी म्हणणार नाही. पुढं रुबेनला आतड्याचा कर्करोग झाला आणि ह्यूस्टनच्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा पहाटे दारात पिकअप उभी करून आल्विन हॉर्न न वाजवता थांबायचा. रुबेनला उलट्या व्हायच्या. गाडी आल्विन स्वतः धुवायचा. त्यानं कधी पेट्रोलचा विषय काढला नाही आणि लिओनानं काढला तर बहिऱ्यासारखा रेडिओ मोठा करायचा.

आयोगाचे नियम लांबलचक असले तरी लिओनाला ते सोपे वाटले. देणगी कुणी दिली ते लिहा. प्रचारावर काय गेलं, निवडून आल्यावर त्या पदापायी काय गेलं, ते लिहा. आणि लोकांनी दिलेल्या पैशातलं काहीही आपल्या घरात, आपल्या अंगावर किंवा आपल्या पोटात जाता कामा नये. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, हा हिशेब जायचा. सही आल्विनची असली तरी कागद तिचे. कुणाच्या मयताला पुष्पचक्र पाठवलं, पावती. चार जुलैला, फटाक्यांच्या दिवशी, मिरवणुकीत मुलांना गोळ्या वाटल्या, पावती. चर्चच्या हॉलमध्ये बार्बेक्यूची ताटं विकून देणग्या जमवल्या तर कोणत्या ताटाला कुणी किती दिले ते. लोक थट्टा करायचे. "आल्विन, शिंकू नकोस. लिओना रुमालाची पावती मागेल." ती मागायचीही.

दर मार्चमध्ये आमच्याकडे पोरांच्या जनावरांचं प्रदर्शन भरतं. पोरं वर्षभर डुक्कर, गोऱ्हा, मेंढा वाढवतात, न्हाऊमाखू घालतात, आणि शेवटी लिलाव होतो. त्या लिलावात गावातल्या प्रत्येक पुढाऱ्यानं हात वर करायचा असतो. न्यायाधीश करतो, शेरीफ करतो, कमिशनर तर हमखास. बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लागते. पोराच्या कॉलेजला पैसे होतात, आणि पुढाऱ्याचा फोटो पोराच्या घरातल्या फ्रिजवर चिकटतो. जनावर मात्र पुढाऱ्याच्या घरी जात नाही, मांसाच्या कंपनीच्या ट्रकमध्ये चढतं. आल्विन हे पैसे प्रचाराच्या खात्यातून द्यायचा आणि लिओना ते पदापायी झालेला खर्च म्हणून लिहायची. त्यात काही वावगं नव्हतं.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी आल्विननं झापालाकांच्या मुलीचं डुक्कर घेतलं. एप्रिलच्या सुरुवातीला तो लिओनाकडे एक पेटी ठेवून गेला. आत पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं सॉसेज, धुरी दिलेलं.

"एवढं मी एकटी कधी खाणार?" लिओना म्हणाली.

"फ्रीजर काय शोभेला आहे?" म्हणून तो निघून गेला.

तिनं विचारलं नाही की हे कुठलं. इथंच ती चुकली, आणि ही चूक आमच्यातलाच माणूस करू शकतो. आमच्याकडे कुणी सॉसेज केलं की शेजारी, सोयरे, विधवा, पाद्री सगळ्यांकडे पोचतं. मिळालेल्याला "कुठून आणलं?" विचारणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडात मारणं. पेंडीच्या प्रत्येक पोत्याचा हिशेब ठेवणारी लिओना सॉसेजला हात जोडून आभार मानायची आणि गप्प बसायची, कारण तिच्या आईनं तिला तसंच शिकवलं होतं. इस्टरला पोरं आली तेव्हा तिनं ते कोबीबरोबर शिजवलं. नातवानं दोनदा घेतलं.

जुलैचा हिशेब करायला बसायच्या आधी ती डॅनियल सुलाकच्या दुकानात सूपसाठी हाडं आणायला गेली. डॅनियल म्हणजे गावचा खाटीक. पन्नाशीचा बाप्या, पण स्वतःच्या मसाल्याची तारीफ ऐकायला शाळकरी पोरासारखा अधीर.

"टेटा," तो म्हणाला. आमच्याकडे वयानं मोठ्या बाईला सगळे टेटा म्हणतात, मग ती कुणाची मावशी असो वा नसो. "टेटा, खरं सांगा. लसूण जास्त झाला होता का?"

"कशात रे?"

"सॉसेजमध्ये. झापालाकांच्या पोरीचं डुक्कर होतं ना ते. आल्विननं ट्रकमध्ये चढूच दिलं नाही. म्हणाला, एवढं सुरेख जनावर कंपनीला कशाला? तीन पेट्या करून दे. एक घरी, एक मेव्हण्याला, एक लिओनाला."

लिओनानं बाहेर काढलेलं पाकीट पुन्हा पर्समध्ये ठेवलं.

"टेटा? जास्त झाला होता ना? मला वाटलंच."

"नाही," लिओना म्हणाली. "छान होतं." आणि हाडं न घेताच बाहेर पडली.

घरी येऊन तिनं फ्रीजर उघडला. तीन पुडकी उरली होती. तिनं झाकण आपटून लावलं. चोरीचा माल सापडला म्हणून नव्हे. हे सगळं आपण जिभल्या चाटत खाल्लं, नातवाला वाढलं, म्हणून. लोकांनी निवडणुकीसाठी दिलेले पैसे तिच्या कोबीत शिजले होते, आणि त्या पैशांची राखण करायला लोकांनी तिलाच बसवलं होतं. लाज वाटली तिला. मग राग आला. मग पुन्हा लाज.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खडीच्या यार्डात गेली. आल्विन ढिगाऱ्याजवळ ट्रकवाल्यांना कामं सांगत उभा होता. ऊन असं की पांढऱ्या खडीकडे बघवत नव्हतं. ट्रक निघून जाईपर्यंत ती गाडीत बसून राहिली.

"काय गं? इतक्या उन्हाची?"

"आल्विन, झापालाकांच्या डुकराचं काय लिहू?"

"दरवर्षी लिहितेस तेच. पोरांना प्रोत्साहन."

"दरवर्षी डुक्कर ट्रकमधून जातं. या वर्षी माझ्या फ्रीजरमध्ये आलंय."

आल्विननं हॅट काढून कपाळ पुसलं. "डॅनियलच्या तोंडाला झाकण नाही. बरं, असं कर. चर्चच्या जत्रेला दिलं म्हणून लिही. जत्रेत सॉसेज होतंच की."

"दिलंस का?"

"लिओना..."

"दिलंस का, आल्विन?"

"तीन पेट्या! मी काय बँक लुटली? पोरीला पैसे मिळाले, तिची आई माझ्या गळ्यात पडून रडली. मांसाचं काय करणार होतो, पुरणार होतो?"

"पोरीला दिलेस ते ठीक. मांस खाल्लंस ते ठीक नाही. साधं आहे. तिन्ही पेट्यांच्या मांसाची किंमत खिशातून खात्यात भर. हिशेबात लिहू, चूक झाली होती, भरून काढली. एवढंच. कुणी तुला फाशी देत नाही."

"आयोग नाही देणार. हॉलोवे देईल." हॉलोवे म्हणजे ऑस्टिनकडून येऊन ओढ्याकाठी घर बांधलेला पेन्शनर. तो येत्या मार्चच्या प्राथमिक निवडणुकीत आल्विनविरुद्ध उभा राहणार होता, आणि काउंटीच्या कचेरीतून आल्विनचे जुने हिशेब मागवून वाचत बसायचा. "तो फलक लावेल रस्तोरस्ती, कमिशनर डुक्करचोर. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, लिओना. कुणी विचारलेलं नाही. तू नको सांगू, कुणाला कळणार नाही."

"मला कळलंय ना."

"मग तू खाल्लंस तेव्हा का नाही कळलं?"

 त्याच्याही लक्षात आलं की घाव बसला, पण आता त्याची जीभ थांबेना.

"रुबेनला ह्यूस्टनला नेत होतो तेव्हा मी पावती मागितली होती? सांग ना. मागितली होती?"

 इतक्या वर्षांत त्यानं एकदाही ते बोलून दाखवलं नव्हतं. म्हणूनच ती त्याला भावासारखा मानत होती.

"नाही मागितलीस," ती म्हणाली. "मागितली असतीस तर बरं झालं असतं. आज फिटलेलं असतं."

तिची माणूस ओळखण्यात चूक झाली असं मला वाटत नाही. आल्विन चांगला माणूस आहे, आजही. चांगल्या माणसाला "तू चुकलास" हे ऐकायची सवय नसते, एवढंच त्याचं दुखणं. बदमाशाला सांगणं सोपं, तो निदान हसतो तरी.

त्या दुपारी लिओनानं डॅनियलकडून सॉसेजचा दुकानातला भाव विचारून घेतला. आपल्या एका पेटीचा चेक तिनं स्वतःच्या खात्यातून लिहिला. चेकच्या कोपऱ्यात कशासाठी ते लिहायची जागा असते. तिथं बाकीचे लोक काही लिहीत नाहीत. तिनं लिहिलं, डुकराच्या मांसातला माझा वाटा, घरी खाल्ला. आणि तो प्रचाराच्या खात्यात भरून आली. बँकेतल्या मुलीनं ते वाचून भुवया उंचावल्या. लिओनाला वाटलं, आता आल्विनला बाकीच्या दोन पेट्यांचं भरावंच लागेल. मी पुढं झाले की तो मागून येईल. लहान मुलांसारखा भाबडेपणा, आणि तोही त्या वयात!

तो मागून आला नाही. आठवड्याच्या आत त्याची सून शॉना दारात उभी राहिली. शॉना शेजारच्या गावात शाळेचे हिशेब बघते. नेटकी, सरळ पोरगी. तिच्या हातात तिलाच नवी खजिनदार नेमल्याचा कागद होता, आणि ती त्याच्याकडे न बघता पायपुसण्याकडे बघत होती.

"टेटा, बाबा म्हणाले, तुम्हाला आता दगदग नको. मला खरंच माहीत नाही काय झालंय."

"आत ये. कॉफी घे आधी." लिओनानं तिच्यापुढं कोलाचे, आमचे गोड सारणाचे पाव, ठेवले आणि सगळे कागद दिले. "माझा एक चेक आहे त्यात. परत आलेल्या पैशांत लिहायचा. आणि बाकीच्या दोन पेट्या कुठं गेल्या ते आल्विनला विचार."

"कसल्या पेट्या?"

"त्याला विचार, बाळ. मी तुझ्या सासऱ्याचं गाऱ्हाणं तुझ्याजवळ करणार नाही."

शॉनानं विचारलं. आल्विन म्हणाला, आपल्याकडे आलेलं सॉसेज घरच्या डुकराचं होतं. सून सासऱ्याला खोटं कशाला पाडेल? तिनं समोरच्या कागदावर जे होतं ते जसंच्या तसं, प्रामाणिकपणे उतरवलं. डुक्कर: पोरांना प्रोत्साहन. परत आलेले पैसे: लिओना कुबेचका, डुकराच्या मांसातला वाटा, घरी खाल्ला. आल्विननं सही केली. हिशेब वेळेत गेला.

लिओनाला दुसरा रस्ता होता. आयोगाकडे कुणीही शपथेवर तक्रार करू शकतं. तिनं तो अर्ज मागवला, टेबलावर ठेवला, आणि त्याच्यासमोर बसली की तिला पिकअपची मागची सीट दिसायची. रुबेनचं डोकं तिच्या मांडीवर, आणि पुढं आल्विन, खड्डा चुकवायला गाडी हळू हळू वळवणारा. शपथ घ्यायला हात वर होईना. खरं बोलायचं तर त्याच्यावर उलटायचं, आणि गप्प राहायचं तर स्वतःवर. तिला झोप लागेना, अन्न गोड लागेना. पेंडीच्या दुकानात खिडकीपाशी असती तर तिनं एखाद्या गिऱ्हाइकाला सांगितलं असतं, दोन्ही बाजू जुळत नाहीत, घरी जा, उद्या ये. अर्ज तसाच कोरा पडून राहिला.

ऑगस्टमध्ये गावच्या साप्ताहिकात हॉलोवेचं पत्र छापून आलं. त्यानं काही खोटं लिहिलं नव्हतं. सरकारी कागदात होतं तेच लिहिलं होतं. कमिशनरांनी लोकांच्या देणगीतून डुक्कर घेतलं आणि ते खाल्लं त्यांच्या खजिनदार बाईंनी, अशा खजिनदाराला कमिशनरांनी काढलं हे बरंच केलं, पण मुळात नेमलं कशाला? लिओनानं पत्र उभ्यानंच वाचलं. मग खुर्ची ओढून पुन्हा वाचलं. त्यात तिच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर होतं.

रविवारी ती चर्चला जाणार नाही असं गावाला वाटलं होतं. ती गेली. प्रार्थना झाल्यावर नेहमीसारखी हॉलमध्ये कॉफीला थांबली. लोक बोलत होते, पण ती जवळ आली की हवेवर बोलायला लागत होते. पूर्वी मागून आवाज यायचा, "टेटा, माझे खसखशीचे कोलाचे कुठल्या खात्यात?" आज कुणी थट्टा केली नाही. तिला थट्टेची इतकी भूक कधी लागली नव्हती.

शेवटी व्लास्ता ग्रोसमनोव्हा तिच्यासमोर येऊन बसली. दोघी एका बाकावर शिकलेल्या. व्लास्ताला कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे ती खासगी गोष्टही हॉलला सांगते.

"लिओना! हे काय ऐकते मी? तू डुक्कर खाल्लंस?"



"एक पेटी," लिओना म्हणाली. "खाल्लं. पैसे भरले."

"अगं पण तू पैसे नसते भरलेस तर कुणाला कळलं असतं?"

"कुणाला नाही."

"मग खाई त्याला खवखवे, दुसरं काय!" व्लास्ता म्हणाली आणि दोघातिघांना हसू आलं. मग ती पुढं झुकली, चेहरा खरोखर काळजीचा. "पण मला सांग, एवढं मोठं डुक्कर. त्याची काय एकच पेटी निघाली? बाकीचं कुणी खाल्लं?"

सगळ्यांनी ऐकलं. आल्विन कॉफीच्या टेबलापाशी उभा होता, हातात कप, पाठ अर्धी इकडे. तो वळला. त्याची आणि लिओनाची नजरानजर झाली. त्याच्या डोळ्यांत भीती होती, आणि तिला त्या भीतीची कीव आली. एक वाक्य पुरेसं होतं. या हॉलमध्ये अजूनही तिच्या शब्दावर विश्वास ठेवणारे लोक होते. तिला ते वाक्य फार बोलावंसं वाटलं.

"मी माझं सांगितलं," लिओना म्हणाली. "बाकीचं आल्विनला माहीत आहे. तो इथंच आहे. विचारा त्याला."

सगळ्यांच्या माना आल्विनकडे वळल्या.  आल्विननं कप खाली ठेवला. तो बोलणार होता, असं मला अजून वाटतं. कुणी विचारलं असतं तर त्या क्षणी तो खोटं बोलू शकला नसता.

दाराजवळून लाडिस्लाव बार्तोश खाकरला. त्याचं शेत ओढ्यापलीकडे, आणि पावसात त्याच्या ट्रॅक्टरची चाकं रुततात.

"आल्विन," त्यानं विचारलं, "आमच्या रस्त्यावर खडी कधी पडणार?"

"मंगळवारी," आल्विन म्हणाला. "मंगळवारी नक्की."

आणि मग दुसऱ्या कुणीतरी आपल्या पुलाचं विचारलं.